सहा तारांचा हट्ट

शास्त्रग्रंथांवरच्या जुन्या टीकांमध्ये एक शंकाकार असतो. त्याला नाव नसते, गाव नसते. पण त्याच्या शंका खऱ्या असतात आणि त्या निस्तरल्याशिवाय टीकाकाराला पुढे सरकता येत नाही. ‘बेओवुल्फ’सारखे अँग्लो-सॅक्सन वीरकाव्य आज श्रोत्यांसमोर सादर करायचे, तर गायकाच्या हातात वाद्य कोणते असावे, या प्रश्नासाठी त्यालाच इथे बोलावले आहे. लेखकाचे मत आधीच सांगितलेले बरे: सहा तारांची लायर (मांडीवर धरून छेडायचे छोटे तंतुवाद्य) घ्यावी, आणि ती बराच वेळ गप्प ठेवावी. शंकाकाराला यातले पहिले पटलेले नाही आणि दुसरे तर अजिबात नाही.

शंकाकार : मला मुळात प्रश्नच फोल वाटतो. बेओवुल्फच्या ३१८२ ओळी एकाच हस्तलिखितात उरल्या आहेत. तेही इ.स. १००० च्या आसपासचे, १७३१ च्या आगीत कडा करपलेले. त्यात स्वरलिपीचे एक चिन्ह नाही. ओळीसुद्धा ओळींसारख्या मांडलेल्या नाहीत. तेव्हाच्या रिवाजाप्रमाणे सगळे गद्यासारखे सलग लिहिले आहे. चाल गेली, सूर गेला, गाणारा गेला आणि तुम्ही लाकूड कोणत्या झाडाचे यावर वाद घालता. गाव वाहून गेल्यावर वेशीला रंग देण्यासारखे आहे हे. त्यापेक्षा ऐकणाऱ्याच्या अंगावर काटा आणील ते वाद्य घ्या. मोठी हार्प घ्या, सेलो घ्या, ढोल घ्या.

लेखक : चाल गेली हे मान्य. ती परत मिळणार नाही आणि मिळाल्याचा दावा करणाऱ्यावर विश्वास ठेवू नये. पण गाव वाहून गेले तरी या गावाची वेस मात्र खरोखर उरली आहे, हीच इथली गंमत आहे. सूर टिकला नाही, वाद्य टिकले. इंग्लंडच्या सफक परगण्यात सटन हू इथे १९३९ मध्ये सातव्या शतकाच्या सुरुवातीचे एक जहाज-दफन सापडले. त्यातल्या काशाच्या एका भांड्यात मेपल लाकडाचे तुकडे होते आणि त्यांना बीव्हर या प्राण्याचे केस चिकटलेले होते. म्हणजे वाद्य केसाळ कातड्याच्या पिशवीत जपून ठेवलेले होते. इंग्लंडमधल्याच टॅप्लोच्या दफनात तशाच वाद्याचे अवशेष १८८३ मध्येच निघाले होते. एसेक्समधल्या प्रिटलवेलच्या दफनात, जे २००३ मध्ये उघडले गेले, लाकूड पार कुजून मातीत फक्त त्याचा गडद ठसा उरला होता. पण धातूच्या पट्ट्या जागच्या जागी होत्या आणि त्यांवरून वाद्याचा आकार वाचता आला. ते वाद्य कधीतरी मोडून दोन तुकडे झाले होते आणि लोखंड, चांदी व मुलामा दिलेले तांबे वापरून पुन्हा जोडले होते. त्या जोडणीत बसवलेले तामडे भारतीय उपखंडातून किंवा श्रीलंकेतून गेलेले असावेत, असे अभ्यासकांचे मत आहे. हा मुद्दा वादाच्या बाहेरचा आहे हे मान्य, पण मोडलेले वाद्य फेकून न देता इतक्या दुरून आलेल्या खड्यांनी सांधणाऱ्या माणसांना ते किती मोलाचे वाटत असेल, एवढे त्यातून नक्की कळते. शिवाय नॉरफकमधल्या बर्ग ॲप्टनच्या दफनभूमीत, राजेशाही थाट नसलेल्या एका कबरीतही लायरचे अवशेष मिळाले आहेत. तेव्हा हे केवळ राजांचे खेळणे नव्हते.

आणि सर्वांत बोलका पुरावा दक्षिण जर्मनीतला आहे. ट्रॉसिंगेन इथे २००१-०२ च्या हिवाळ्यात एका योद्ध्याची कबर उघडली गेली. झाडाच्या वलयांवरून ती इ.स. ५८० ची ठरली. तलवार-भाल्याच्या सोबत त्या माणसाच्या हातांशी जवळजवळ अख्खी लायर होती: सुमारे ८० सेंटिमीटर लांब, २० सेंटिमीटरच्या आतबाहेर रुंद आणि जाडी जेमतेम दोन सेंटिमीटर. मेपलचे कोरलेले अंग, वर मेपलचीच पातळ तबली, सहा खुंट्या, विलो लाकडाची घोडी. तबलीवर बारा योद्धे कोरले आहेत, सहा इकडे, सहा तिकडे, मध्ये एक भाला. लाकडावर वापराच्या खुणाही आहेत, म्हणजे वाद्य कबरीसाठी मुद्दाम घडवलेले नव्हते, ते वाजवले गेले होते. चालीचा एक स्वर हाती नसताना वाद्याबद्दल एवढे हाती असणे ही लहान गोष्ट नाही. जे माहीत नाही त्याचा आधार घेऊन जे माहीत आहे तेही सोडून द्यायचे, हा तर्क मला पटत नाही.

शंकाकार : पण ‘माहीत आहे’ हा शब्द जरा जपून वापरा. याच सटन हूच्या तुकड्यांपासून तज्ज्ञांनी आधी एक छोटी चौकोनी हार्प बनवून दाखवली होती. लोकांनी ती अस्सल म्हणून पाहिली, तिच्यावर वाजवलेले ऐकले. मग वीस वर्षांनी कळले की ते सारे चुकले होते.

लेखक : खरे आहे, आणि त्या चुकीचा मला उपयोगच होतो. १९४० च्या दशकात तुकडे जुळवणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर एक शब्द होता. बेओवुल्फमध्ये वाद्याला ‘हेआर्पे’ म्हटले आहे आणि आजच्या इंग्रजीत त्याच शब्दाची हार्प झाली आहे. मग सापडले ते हार्पच असणार, असे धरून पक्ष्याच्या डोक्याच्या आकाराच्या दोन सोनेरी चकत्या कोनांवर बसवल्या गेल्या आणि एक असे वाद्य तयार झाले, ज्याच्यासारखे दुसरे कुठेच नव्हते. १९७० मध्ये रूपर्ट आणि मर्टल ब्रूस-मिटफर्ड यांनी ती जुळणी मोडली. त्यांनी त्याच चकत्या बाहू आणि आडव्या दांडीच्या सांध्यांवर ठेवल्या, जर्मनीत सापडलेल्या लायरींशी ताडून पाहिल्या, आणि लांबट, वरून गोलसर लायर उभी राहिली. तिला समकालीन जोड होती. केंटमध्ये आठव्या शतकात तयार झालेल्या वेस्पेसियन साल्टर या स्तोत्रग्रंथात राजा डेव्हिडचे चित्र आहे. त्याच्या मांडीवर नेमकी अशीच सहा तारांची लायर आहे. पुढे ट्रॉसिंगेनने त्या जुळणीवर जणू शिक्कामोर्तब केले. मुद्दा असा की चूक दुरुस्त झाली ती पुरावा मोजल्यामुळे. ‘काहीही चालेल’ म्हणणाऱ्याला आपली चूक कधीच कळू शकत नाही, कारण त्याच्याकडे ताडून पाहायला काही नसतेच. अस्सल नक्कल म्हणजे लाकडात मांडलेला युक्तिवाद असतो. तो खोडता येतो, हाच त्याचा गुण आहे.

शंकाकार : मग तो खोडायचा प्रयत्न करतो. ट्रॉसिंगेनची कबर अलेमानी लोकांची, इंग्लंडपासून किती दूर! काळ सहाव्या शतकाचा. तुमचे हस्तलिखित चारशे वर्षांनंतरचे. उद्या कुणी पेशवाईतल्या बखरीच्या वाचनाला यादवकालीन वाद्य आणले तर तुम्ही हसाल की नाही?

लेखक : हसेन, आणि म्हणूनच हा आक्षेप सर्वांत वजनदार आहे. त्यातले अंतराचे टोक आधी घेतो. ट्रॉसिंगेनची लायर, तिच्या जवळच्याच ओबरफ्लाख्टमध्ये एकोणिसाव्या शतकात निघालेल्या दोन लायरी (त्यातली एक दुसऱ्या महायुद्धात बर्लिनमध्ये नष्ट झाली), कलोनच्या सेंट सेव्हरिन चर्चखाली मिळालेली आठव्या शतकातली लायर (तीही त्याच युद्धात गेली) आणि इंग्लंडमधले अवशेष यांची घडण इतकी जुळते की हे एका टोळीचे वाद्य नव्हते हे उघड आहे. कझाकस्तानातल्या झेत्यासार इथे सोव्हिएत काळात निघालेले चौथ्या शतकाच्या आसपासचे एक वाद्यही त्याच घडणीचे असल्याचे अलीकडे अभ्यासकांच्या लक्षात आले आहे. इंग्लंडमध्ये चकत्या आणि सांधे टिकले, जर्मनीत ओल्या चिखलामुळे लाकूड टिकले. एकाच पोथीची इथली पाने तिथल्या पानांनी पुरी करावीत तसे हे आहे. मला निवड करायची तर मी सटन हूच्या सोनेरी डौलापेक्षा ट्रॉसिंगेनची मापे घेईन, कारण तिथे अंदाजाला जागा सर्वांत कमी आहे.

काळाचे टोक अवघड आहे, कारण ‘अस्सल’ म्हणताना नेमका कोणता काळ पकडायचा हेच ठरलेले नसते. बेओवुल्फला तीन काळ आहेत. कथेचा काळ सहाव्या शतकाच्या पूर्वार्धातला: त्यातल्या हिगेलाक राजाच्या फसलेल्या स्वारीची नोंद तूरच्या ग्रेगरीने आपल्या इतिहासात केली आहे आणि ती इ.स. ५२० च्या सुमाराची धरतात. रचनेचा काळ वादग्रस्त, आठव्या शतकापासून अकराव्याच्या सुरुवातीपर्यंत कुठेही. लेखनाचा काळ इ.स. १००० च्या आसपासचा. आता प्रामाणिकपणे सांगायचे तर तिसरा काळ पकडणाऱ्याला त्रिकोणी हार्प घेण्याचा हक्क आहे. त्याच सुमाराच्या ज्युनियस हस्तलिखितात बायबलमधला जुबाल त्रिकोणी चौकटीची हार्प वाजवताना दाखवला आहे. म्हणजे ‘हेआर्पे’ हा एकच शब्द आधी लायरला आणि मग हार्पला लावला गेला. वस्तू बदलते आणि नाव चिकटून राहते, हे सगळ्याच भाषांत घडते. तरीही मी लायरकडे झुकतो, कारण पहिल्या दोन काळांत तिचा पुरावा सलग आहे. इंग्लंडच्या कबरींत ती सातव्या शतकापर्यंत आहे, चित्रात आठव्या शतकात. आणि इ.स. ७६४ मध्ये वेअरमथ-जॅरोच्या मठाचा प्रमुख कथबर्ट जर्मनीतल्या लुल या धर्माधिकाऱ्याला पत्र लिहितो की ज्याला आम्ही रोट्टा म्हणतो ते तंतुवाद्य माझ्याकडे आहे, पण वाजवणारा नाही. कुणी मिळाला तर पाठवा. वाद्य पडून आहे आणि वादक हवा, ही आजची अडचण बाराशे वर्षांपूर्वीही होती. हस्तलिखिताचे लेखनिक जुन्या काव्याची नक्कल करत होते, हे बहुतेक सगळे मानतात. तेव्हा वाद्य लेखनिकांच्या काळाचे घेण्यापेक्षा काव्याच्या काळाचे घेणे मला अधिक रास्त वाटते. पण हार्प घेणाऱ्याने ‘मी इ.स. १००० चे सादरीकरण करतो आहे’ असे सांगितले, तर माझे भांडण नाही. सहाव्या शतकाचा पोशाख चढवून, मशालीच्या उजेडात, खांद्यापर्यंत पोहोचणारी आधुनिक हार्प छेडणाऱ्याशी मात्र आहे.

शंकाकार : बरे, लायर तर लायर. पण बेओवुल्फ वाद्यावर गायले जात होते, हे कशावरून? काव्यात गायक आहे हे कबूल. त्याला ‘स्कॉप’ लिहितात आणि ‘शोप’ म्हणतात, एवढे मलाही ठाऊक आहे. पण काव्यातला गायक गातो म्हणून ते काव्यही गायले जात होते, असे कसे म्हणता? नाटकात राजा दाखवला म्हणून नाटककार राजा ठरत नाही. हे एखाद्या मठात, दिव्याच्या उजेडात, शिकलेल्या माणसाने लिहिलेले काव्य असू शकते. मग अस्सल वाद्य एकच: टाक.

लेखक : हे बोलणे मनापासून आवडले, आणि त्याला ठाम उत्तर देता येणार नाही. देता येतो तो परिस्थितीचा पुरावा. मठवासी इतिहासकार बीडने ७३१ मध्ये पूर्ण केलेल्या इतिहासात कॅडमन नावाच्या गुराख्याची गोष्ट आहे. मेजवानीत वाद्य हातोहात फिरवायचे आणि ज्याच्याकडे येईल त्याने गायचे, अशी रीत होती. कॅडमनला गाता येत नसे, म्हणून वाद्य जवळ येताना दिसले की तो पंगतीतून उठून गोठ्याकडे जाई. बीडच्या लॅटिनमध्ये त्या वाद्याला ‘सिथारा’ म्हटले आहे आणि पुढे जुन्या इंग्रजीत भाषांतर करणाऱ्याने तिथे ‘हेआर्पे’च लिहिले. यातून दोन गोष्टी कळतात. गाणे आणि वाद्य यांची सांगड इतकी पक्की होती की वाद्य आले म्हणजे गायची पाळी आली. आणि ते वाद्य गुराख्यांच्या पंगतीत एका हातून दुसऱ्या हाती देता येईल इतके हलके आणि वाजवायला सोपे होते. खांद्याएवढी हार्प पंगतीत फिरत नाही. ही गोष्ट साध्या गाण्यांची झाली, वीरकाव्याची नव्हे, असे तुम्ही म्हणाल. म्हणून धर्मपंडित आल्क्विन घेऊ. ७९७ मध्ये त्याने एका बिशपला खरडपट्टी काढणारे पत्र लिहिले: धर्मगुरूंच्या जेवणावेळी वाचकाचा आवाज ऐकू यावा, वादकाचा नव्हे, इंगेल्डचा ख्रिस्ताशी काय संबंध? हा इंगेल्ड बेओवुल्फमध्येही येतो. म्हणजे ज्या वीरकथांच्या घराण्यातले बेओवुल्फ आहे, त्या कथा तंतुवाद्यासोबत आणि थेट धर्मगुरूंच्या पंगतीत चालत होत्या. त्याआधी ७४७ मध्ये क्लोव्हेशोच्या धर्मसभेने मठ हे कवी, वादक आणि विदूषकांचे अड्डे होऊ देऊ नका, असा नियम केला होता. जे कुणी करत नाही त्यावर बंदी कोण घालते? तुमचा टाकवाला मठवासी आणि माझा लायरवाला गायक एकाच छपराखाली होते, हे या तक्रारींवरूनच दिसते.

शंकाकार : पण तुमच्याच काव्यात उलट साक्षही आहे. ग्रेंडेल हा राक्षस मारला गेल्यावर सकाळी तळ्यावरून परतताना राजाचा एक सरदार घोड्यावर बसून नवे काव्य रचतो, त्यात सिगेमुंडची कथा गुंफतो. तिथे वाद्याचा उल्लेख नाही. घोड्याचा लगाम आणि लायर एका वेळी धरायला त्याला चार हात नव्हते.

लेखक : ही साक्ष मी कबूल करतो, नव्हे, माझ्याच बाजूला घेतो. तिचा अर्थ असा की हे काव्य वाद्याविना उभे राहू शकत होते. त्याचा छंद तसाच आहे. प्रत्येक ओळीचे दोन अर्धे, मध्ये यती, चार मुख्य आघात आणि त्या आघातांना बांधणारा आद्यवर्णाचा अनुप्रास. अक्षरांची संख्या ठरलेली नाही. एका अर्ध्या ओळीत चार अक्षरे, दुसऱ्यात आठ-नऊ. हा छंद बोलण्याच्या ठेक्यातून उगवलेला आहे, त्याला वाद्याची कुबडी लागत नाही. जॉन पोप यांनी १९४२ मध्ये या लयीचा अभ्यास मांडताना असे सुचवले की जिथे अर्ध्या ओळीत आघात कमी पडतो तिथे वाद्याचा एक छेड ती जागा भरत असावा. हा तर्कच आहे आणि पुढच्या अभ्यासकांनी तो जसाच्या तसा स्वीकारला नाही. पण त्यातली दृष्टी मला महत्त्वाची वाटते: वाद्य शब्दाच्या खाली सतत वाहत नाही, शब्द थांबतो तिथे बोलते. मिलमन पॅरी आणि आल्बर्ट लॉर्ड यांनी १९३० च्या दशकात युगोस्लाव्हियात गुस्ले हे तंतुवाद्य वाजवून वीरकथा गाणाऱ्यांचे ध्वनिमुद्रण केले. वाद्य बाजूला ठेवून नुसते लिहून घ्यायला सांगितले की अनेक गायकांच्या ओळी विस्कटत, असे लॉर्डने नोंदवले आहे. तिथल्या अनुभवावरून इंग्लंडचा निष्कर्ष काढता येत नाही, हे मान्य. पण वाद्य हे श्रोत्यांसाठी सजावट असण्याआधी गायकाला श्वास घेण्याची, पुढची ओळ जमवण्याची जागा असते, एवढे त्यावरून समजते. त्यासाठी भरगच्च वाद्य लागत नाही. उलट ते अडचणच करते.

शंकाकार : म्हणजे वाजवायचे काय, हे शेवटी तुमच्याच मनाचे. मग मोठमोठ्या कबरी खणून मिळवले काय? मेपलचे अंग अस्सल आणि त्यातून निघणारा प्रत्येक सूर कल्पित.

लेखक : कल्पित, पण मोकाट नाही. इथेच माझा खरा मुद्दा आहे. जुने वाद्य आपल्याला चाल देत नाही. ते आपल्याला काय करता येणार नाही हे सांगते, आणि ही मर्यादा शंभर टक्के अस्सल असते. सहा तारा म्हणजे एका वेळच्या जुळवणीत सहाच स्वर. बोटाने तार दाबून नवा स्वर काढायला दांडा-पडदे नाहीत. नवव्या शतकाच्या अखेरीस ह्युकबाल्ड नावाच्या फ्रँकिश मठवाशाने सहा तारांच्या वाद्याची जुळवणी दिली आहे: पूर्ण, पूर्ण, अर्धा, पूर्ण, पूर्ण अशी अंतरे. आपल्या कानाला सांगायचे तर सा, रे, ग, म, प, ध, सारे शुद्ध. इंग्लंडमधला प्रत्येक वादक तशीच लावत होता असे नाही, पण त्या काळाने स्वतः लिहून ठेवलेली एक जुळवणी आपल्याकडे आहे, तर तिथून सुरुवात करायला हरकत काय? तारा आतड्याच्या तांतेच्या किंवा घोड्याच्या केसांच्या घ्याव्यात; पोलादी तारांचा चमकता नाद इथे परका आहे. दोन सेंटिमीटर जाडीच्या पोकळीतून आणि तांतेतून निघणारा सूर लगेच विझतो. मराठी वाचकाला इथे तुणतुणे आठवेल. पण ती आठवण समजुतीपुरतीच ठेवा, पुरावा म्हणून नको. शिवाय फरकही मोठा आहे: तुणतुणे एक सूर धरून ठेवते, लायर सूर धरूच शकत नाही. त्यामुळे तिच्यावर लांब आलाप नाही, शब्दांखाली सुरांची गादी पसरणे नाही. वेस्पेसियन साल्टरमधल्या डेव्हिडचा डावा हात तारांच्या मागे आहे, उजवा पुढून छेडतो आहे. जुन्या इंग्रजी कवितांच्या एक्सेटर हस्तलिखितातल्या एका कवितेत नखीने वाजवणाऱ्या वादकाचे वर्णन आहे. डाव्या हाताच्या बोटांनी नको त्या तारा मुक्या करायच्या आणि उजव्या हातातल्या नखीने सगळ्या तारा एकदम झाडायच्या, ही पद्धत इथिओपियातल्या क्रार या लायरवर आजही चालते. ती पद्धत चित्रातल्या हातांना बसते. ती एकमेव होती असे म्हणवत नाही, पण वाद्य हातात घेतल्यावर हात आपोआप तिकडे वळतो आणि तिथून निघतो तो ठेका, चाल नव्हे. म्हणजे वाद्याने गायकाला पुन्हा शब्दाच्या आघाताकडेच ढकलले. हार्पने असे केले नसते. पंधरा-वीस तारांची हार्प गायकाला सुरावटीचा मोह घालते, आणि मग चार आघातांची ओळ त्या सुरावटीच्या मापात कोंबली जाते.

अमेरिकन गायक बेंजामिन बॅगबी गेली अनेक वर्षे बेओवुल्फचा सुरुवातीचा भाग मूळ भाषेत, एकट्याने सादर करतात. त्यांच्या हातातली सहा तारांची लायर ओबरफ्लाख्टच्या अवशेषांवरून बनवली आहे. त्यांचे सादरीकरण ऐकताना लक्षात राहतो तो आवाज: कधी कुजबुज, कधी गाणे, कधी सरळ बोलणे, कधी आरोळी. वाद्य मध्येच दोन-तीन स्वर फिरवते आणि हटते. त्यांनी जे केले तेच आठव्या शतकात होत होते असा दावा करण्याची गरज नाही. पण त्या वाद्याच्या मर्यादेत राहून एवढी विविधता आवाजातून आणावी लागते, हे त्यातून ऐकू येते.

शंकाकार : आणि श्रोता कंटाळला तर? दीड तास सहा स्वर! निदान लढाईला एक ढोल, मेजवानीला एक शिंग तरी द्या.

लेखक : शिंग देईन. त्याला आधार आहे. एक्सेटरच्या कोड्यांत शिंग स्वतःच बोलते, रणात हाक देते आणि दालनात मद्याचा पेला होते. वेस्पेसियन साल्टरच्या चित्रातही शिंग फुंकणारे आहेत. पण ते कथेतल्या प्रसंगाचे वाद्य आहे. कथा सांगणाऱ्याच्या तोंडात शिंग गेले तर कथा कोण सांगणार? हीच अडचण बासरीची, आणि यॉर्कमध्ये सापडलेल्या दहाव्या शतकातल्या लाकडी पाव्याचीही. ढोलाला मात्र शिंगासारखा किंवा लायरसारखा पुरावा पुढे ठेवता येत नाही. ‘मध्ययुगीन’ वातावरणासाठी हल्ली जो ढोल वाजतो, तो बहुतेक वेळा आयरिश संगीतातून उचललेला असतो. गजाने वाजवायची वाद्ये पश्चिम युरोपात साधारण दहाव्या-अकराव्या शतकात येतात, म्हणजे तुमचा सेलो तर दूरच, त्याचे पूर्वजही उशिरा पोहोचतात. आणि कंटाळ्याचे म्हणाल, तर श्रोता ढोलामुळे जागा राहतो आणि शब्दाला बहिरा होतो. ग्रेंडेल अंधारातून दालनाकडे येतो ती जागा काव्याने तीन पावलांत बांधली आहे. तो येतो, तो येतो, तो येतो, प्रत्येक वेळी थोडा जवळून. तिथे ढोल घातला की त्या तीन पावलांचे मोजमाप ढोलाकडे जाते.

शंकाकार : मला अजूनही तुमचा दुसरा हट्ट कळलेला नाही. एवढा शोध घेऊन लायर आणायची, तिचे कौतुक करायचे आणि मग ती गप्प ठेवायची. हा काटकसरीचा सोस आहे की पुरावा?

लेखक : याचा पुरावा काव्याच्या आतच आहे. हेआर्पे पहिल्यांदा येते ती हेओरोट या राजदालनात, शोप सृष्टीच्या निर्मितीचे गाणे गातो तेव्हा, आणि तो आनंदाचा आवाजच बाहेर अंधारात बसलेल्या ग्रेंडेलला सहन होत नाही. दुसऱ्यांदा ती विजयाच्या मेजवानीत, फिनची कथा सांगताना. मग काव्याचा नायक बेओवुल्फ मायदेशी परतून आपल्या राजाला तिकडची हकिगत सांगतो त्यात ती आहे, २१०० व्या ओळीच्या लगेच पुढे. वाद्याला तिथे ‘गोमेनवुडू’ म्हटले आहे, आनंदाचे लाकूड. त्यानंतर सारा सूर पालटतो. हेआर्पे आणखी तीनदा येते आणि तिन्ही वेळा ‘नाही’ म्हणून येते. आपल्या कुळातला एकटा उरलेला माणूस खजिना पुरताना म्हणतो की आता हेआर्पेचा आनंद उरला नाही. मुलाला फासावर लटकलेले पाहणाऱ्या म्हाताऱ्या बापाच्या घरात तिचा आवाज नाही. आणि बेओवुल्फ मेल्यावर निरोप्या सांगतो की यापुढे योद्ध्यांना हेआर्पे जागवणार नाही, कावळा मात्र बोलेल. कवीने वाद्य आधी ऐकवले आणि मग काढून घेतले. श्रोत्याला हे काढून घेणे कळायचे, तर आधी तो आवाज त्याच्या कानात बसलेला हवा, आणि नंतर तो खरोखर थांबायला हवा. शेवटपर्यंत वाजत राहणारी हार्प निरोप्याच्या तोंडून ‘हेआर्पे नाही’ हे शब्द उच्चारले जात असताना मागे झुळझुळत राहिली, तर ती कवीला खोटे पाडते. नाद रेंगाळणारे वाद्य असे एका क्षणात नाहीसेही करता येत नाही. लायरला ते जमते, तांत हाताने झाकली की संपले. म्हणून माझा हट्ट. उत्तरार्धात गायकाने ती मांडीवरून उतरवून श्रोत्यांना दिसेल अशी बाजूला ठेवावी. बेओवुल्फच्या चितेपाशी एक बाई शोकगीत गाते आणि मग बारा घोडेस्वार त्याच्या समाधीभोवती फिरत त्याचे गुण सांगतात. त्यांच्याही हातांत वाद्य दिलेले नाही.

शंकाकार : मग तुमच्या हिशेबाने या काव्याचा शेवटचा सूर कोणता?

लेखक : तो हजारावर ओळी आधीच वाजून गेलेला असेल. त्या वेळी कुणाला वाटलेही नसेल की हा शेवटचा.